लई गोड चालून राह्यली

राजूर मागं पडलं आणि गाडीनं पुन्हा किंकाळी फोडली. कडूबानं कपाळावर हात मारून घेतला आणि बॉनेट उघडलं. पट्टा पुलीवरून उतरून लोंबत होता. जालन्याहून निघाल्यापासून हेच चाललं होतं.

तिकडं केदारखेड्यात भाची बोहल्यावर चढायची होती आणि तिच्या पाठीशी उभा राहायला मामा म्हणून हा एकटाच. सुगंधाबाई मागच्या सीटवर ओटीचं गाठोडं घेऊन बसली होती. मामा वेळेवर पोचला नाही तर नणंद जन्मभर काय काय ऐकवील, ते ती नवऱ्याला आत्ताच ऐकवत होती.

गाडीचं दुखणं कशाचं, हे कडूबाला पक्कं ठाऊक होतं. ही जुनी अँबेसेडर दारात आली त्या दिवशी, पूजा आटोपल्यावर, शेजारच्या धुळाजीनं बॉनेटवर थाप मारली होती. "लई गोड चालून राह्यली," म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून गाडी ओरडायला लागली. कडूबानं पट्टे बदलले, साबण चोळून पाहिला, लिंबू-मिरच्या टांगल्या. मग सगळा दोष धुळाजीच्या नजरेच्या खात्यावर मांडून त्याच्याशी बोलणंच टाकलं. धुळाजी जीप चालवायचा, इंजिनातलं त्याला कळायचं. पण ज्याची नजर लागली त्यालाच औषध कसं विचारायचं?

नेमकी त्याचीच जीप मागून आली. टपापर्यंत माणसं, आत मुंगीला जागा नाही. धुळाजी तरी उतरला. कडूबानं तोंड फिरवलं. सुगंधाबाईनं मात्र "भाऊजी, जरा बघा," म्हणत त्याला बॉनेटपाशी नेलं.

धुळाजीनं आत डोकं घातलं आणि सुतळी मागितली. तिनं गाठोड्याचीच सोडून दिली. सुटलेला नारळ तेवढा नवऱ्याच्या हातात कोंबला. धुळाजीनं सुतळी पुल्यांच्या तोंडावरून ताणून धरली. खालच्या पुलीला टेकली, पंख्याच्या पुलीलाही टेकली. डायनमोच्या पुलीपाशी बोट जाईल एवढी फट राहिली.

"तिन्ही एका ओळीत न्हाईत. पट्टा तिरपा पळून राह्यला, मंग ओरडंल न्हाई तर काय? डायनमोला धरनारी लोखंडी पट्टी आत वाकली. इथं काय आदळलं व्हतं?"

कडूबानं बायकोकडं पाहिलं. "त्याला सांग, काई न्हाई."

धुळाजीनं पट्टीमागं दोन बोटं घातली आणि एक वाळका पुंजका ओढून काढला. नारळाच्या शेंड्या. त्यात अडकलेला करवंटीचा तुकडा, त्याला अजून कुंकू होतं.

सुगंधाबाईला पूजेचा दिवस आठवला. लोक चाकापुढं नारळ फोडतात; ह्यांचं म्हणणं, गाडीचा जीव इंजिनात असतो. बॉनेट उघडून, देवाचं नाव घेऊन, दोन्ही हातांनी तिथंच हाणला होता. हे तिनं भाऊजींना सगळं सांगितलं. जीपमधल्यांनाही ऐकू गेलं.

कडूबा हातातला नारळ सावरत बॉनेटपासून मागं सरला. धुळाजीनं टॉमीची लोखंडी कांब लावून पट्टी सरळ केली, पट्टा चढवला, स्वतःच गाडी चालू केली. किंकाळी नाही, कुरकुर नाही.

कडूबा खाकरला. "धुळाजी," तो पहिल्यांदाच थेट बोलला, "आता सांग की, कशी चालून राह्यली?"

धुळाजीनं त्याच्या हातांकडं पाहिलं.

"आधी तो नारळ वैनीकडं दे. मंग सांगतो."