मनगटावरचं तेल

"सुरकुत्या घालवणारं तेल द्या," बदामतेलाच्या बाटलीकडे बोट दाखवत प्रमिलाबाई म्हणाल्या. सुरकुत्या दिसतील म्हणून हल्ली त्या फोटोत हसतही नसत.

तेलघाण्याच्या मालकीण शेवंताक्कांनी त्यांचे हात ओढून एका मनगटावर बदामतेल चोळलं, दुसऱ्यावर तिळाचं. "बाजार करून या. कातडीच सांगंल."

तासाभरानं बदामाचं मनगट चिकट होतं, तिळाचं मऊसूत. महागड्या बाटलीचं गिऱ्हाईक हातचं घालवून खरं दाखवणाऱ्या या बाईचं प्रमिलाबाईंना कौतुक वाटलं.

"पण सुरकुत्या?"

"कोरडेपणा जाईल. सुरकुत्या कशा जातील?" सत्तरीच्या अक्का खळखळून हसल्या. चेहरा सुरकुत्यांनी भरला आणि घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखा लखलखला.

प्रमिलाबाई बघतच राहिल्या. "तिळाचंच द्या," त्या म्हणाल्या, "आणि थांबा, आपल्या दोघींचा एक फोटो काढू."