ठराव पाठवण्याची मुदत

"एक महिना," सचिव म्हणाले. "याहून कमी मुदत घातलीत तर नियम रोज मोडेल आणि खापर आमच्या डोक्यावर फुटेल."

"सात दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या डोळ्यांच्या डॉक्टर. निवडून येऊन सभागृहात बसू लागल्या, तरी सकाळचा दवाखाना त्यांनी सोडला नव्हता.

नियम समितीचे बाकीचे सदस्य घड्याळाकडे बघत होते. जेवणाची वेळ होत आली होती. सभागृहानं मंजूर केलेला ठराव ज्याचा त्याला किती दिवसांत पाठवायचा, हा विषय काही कुणाची भूक विसरायला लावणारा नव्हता.

"एवढी घाई कशासाठी, डॉक्टर?" अध्यक्षांनी विचारलं.

"काल आपण त्या बसड्रायव्हरच्या अभिनंदनाचा ठराव केला. ब्रेक गेलेली बस त्यानं उतारावरून वाळूच्या ढिगात घातली. आतली सगळी माणसं वाचली आणि काच याच्या डोळ्यांत गेली. तो माझा पेशंट आहे. उजवा डोळा गेलाच. डावा महिनाभर टिकणार नाही. त्याला तो कागद स्वतः वाचायचाय. आज सकाळीसुद्धा विचारत होता, निघाला का म्हणून."

"कुणीतरी वाचून दाखवेल की," सचिव म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना नुसती सवय झाली होती.

"लग्न ठरल्यावर तुमच्या बायकोनं पाठवलेलं पहिलं पत्र तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतलं होतंत का?"

सदस्य खो खो हसले. सचिवांचे कान लाल झाले.

अध्यक्ष मात्र उठून उभे राहिले. "महिना लागतो कुठे, ते मला दाखवा. चला, आत्ताच."

आणि अख्खी समिती जिना उतरून खाली निघाली. पुढे अध्यक्ष, त्यांच्यामागे पदर खोचून डॉक्टरीणबाई, मग उपाशी सदस्य आणि सगळ्यांत शेवटी सचिव. ठराव शाखेतल्या लोकांनी उघडलेले डबे पटापट झाकले.

"ड्रायव्हरचा ठराव टाइप झाला?"

"सकाळीच झाला, साहेब," टंकलेखिका म्हणाली.

"तपासला?"

"तोही तपासला."

"मग अडलंय कुठे?"

टंकलेखिकेनं कपाटाकडे बघितलं. "तुमची सही आणि मोहोर राहिलीय. ती अधिवेशन संपल्यावर, सगळ्या ठरावांना एकदमच."

"का?"

शाखेतले सगळे सचिवांकडे बघू लागले. सचिवांनी घसा साफ केला.

"मोहोर लाखेची असते. लाख वितळवायला स्पिरिटचा दिवा लागतो. त्या वासानं अध्यक्षांचं डोकं दुखतं. म्हणून दिवा अधिवेशनात एकदाच, अगदी शेवटी पेटवायचा, अशी पद्धत आहे."

"माझं डोकं दुखतं?"

"आपलं नाही, साहेब. पूर्वीच्या अध्यक्षांचं."

"माझ्या आधीचे? त्यांना तर अत्तराचंही वावडं नव्हतं."

"त्यांच्याही आधीचे." सचिवांचा आवाज बारीक झाला. "मी इथे लागलो, तेव्हा ते नुकतेच वारले होते."

एक सदस्य कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं मेलेल्या माणसाची डोकेदुखी सांभाळतोय!"

"काढा तो दिवा!" अध्यक्ष जवळजवळ ओरडलेच.

मग एकच धांदल उडाली. दिवा सापडला, पण काडेपेटी कुणाकडे नव्हती. सिगारेट कधीच सोडल्याचं सगळ्यांना सांगत फिरणाऱ्या एका सदस्यांनी खाली मान घालून खिशातून ती काढून दिली. ज्योत निळी पेटली. लाखेची कांडी मऊ झाली, लालभडक थेंब कागदावर पडला, आणि बारशाला पाळण्याभोवती जमावं तशी सगळी त्या टेबलाभोवती जमली. अध्यक्षांनी झोकात सही केली. सचिवांनी पितळी मोहोर दोन्ही हातांनी धरून दाबली.

"कुणाचं डोकं दुखतंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"भुकेनं दुखतंय!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मुदत ठरवू आणि जेवू. बोला डॉक्टर, तुमचे सातच ना?"

"तीन," सचिव म्हणाले.

डॉक्टरीणबाई वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"सात कशाला? तीन दिवस पुष्कळ झाले." लाख अजून ओली होती. सचिवांनी तिच्यावर हळूच फुंकर घातली. "आणि हा ठराव टपालानं नको. मीच घेऊन जातो."

त्याच दुपारी ड्रायव्हर आपल्या घरी खिडकीशी खुर्ची ओढून बसला होता. सचिवांनी कागद हातात देताच त्याची बायको पुढे झाली. "द्या इकडे. मी वाचते. तुम्हाला ताण नको, डॉक्टरांनी सांगितलंय."

"हात लावू नकोस. माझा मी वाचतो."

त्यानं कागद नाकाशी नेला, उजेडाकडे तिरपा केला. ओठ हलत होते. एकेका शब्दावर तो थांबत होता आणि मग पुढच्या शब्दावर उडी मारल्यासारखा जात होता. बायको खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. सचिवही उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हणालं नव्हतं, आणि त्यांच्याही ते ध्यानात नव्हतं.

शेवटी ड्रायव्हरनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यानं तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"संपलं? एवढंच?"

"एवढंच आहे," सचिव ओशाळून म्हणाले.

"मग पहिल्यापासून वाचतो." त्यानं कागद परत सुलटा केला. "अहो, बसा ना साहेब. वेळ लागेल."