ग्रहणातला भोपळा

"मॅडम, ह्यो मणी भोपळा चिरताना बिघडला का?"

निर्मलानं पडद्याकडं बोट केलं. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर शुभदा तिच्या चिंगीच्या दुखण्याचं मूळ दाखवत होत्या. पडद्यावर एक एन्झाइम सावकाश फिरत होतं. मण्यांच्या दोन सारख्याच माळा, गुंडाळून ओंजळीसारख्या जुळलेल्या. शरीराच्या प्रत्येक पेशीत बारक्या चुली असतात, डॉक्टर सांगत होत्या. त्या चुलीपाशी बसून ही ओंजळ चरबीचा धागा वाढवते. चिंगीच्या ओंजळीत एक मणी बदललाय. धागा नीट होत नाही, म्हणून पाय वळतात. डोकं मात्र शाबूत.

"लयच शाबूत," चिंगीचा बाप कोंडू म्हणाला. मांडीवरच्या सहा वर्षांच्या चिंगीनं त्याला चिमटा काढला.

"पण कसला भोपळा?" शुभदांनी विचारलं.

निर्मलानं मान खाली घातली. चिंगी पोटात असताना तिनं ग्रहणात भोपळा चिरला होता. पोरीचं पाऊल वाकडं पडायला लागलं, तेव्हापासून तिनं विळीला हात लावला नव्हता. सासू तर त्याच्याही कितीतरी आधीपासून लावत नव्हती. का, ते कुणी कधी विचारलं नाही. घरात कांदा कोंडूनं चिरायचा आणि अख्ख्या वाडीनं त्याला हसायचं.

"भोपळ्यानं काही झालं नाही, निर्मला. हा बदल आईबापाकडून येतो. दोघांकडून आला, तरच असं होतं. लग्नाआधी तुमचं नातं होतं?"

"व्हय. सासू माजी सख्खी आत्या."

"मग घरात आधी कुणाचे पाय असे होते का?"

"न्हाई," कोंडू म्हणाला.

दाराशी सासू टेकून उभी होती. ओंजळ फिरत होती, तिकडं बघत राहिली.

घरी आल्यावर सासूनं फळीवरची विळी खाली काढली. पदरानं पुसली. पाय रोवून बसली आणि भोपळ्याची पहिली फोड केली. फोड सरळ निघाली. मग विळी तिनं निर्मलाकडं सरकवली आणि नातीला मांडीवर ओढलं.

"चिंगे, तुज्या बापाच्या आदी मला एक ल्योक व्हता, भिमाजी," ती तिचे पाय चोळत म्हणाली. "पाय आसंच. त्याच्या येळंला म्या गिऱ्हाणात काकडी चिरल्याली."