चार नंबरचा पिंजरा

“आजही दोन बिस्किटं खाल्ली त्याने,” मोठ्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या आणि रिकाम्या पिंजऱ्याकडे त्यांनी पाठ केली.

“बिस्किटांचं वेडच लागलंय म्हणायचं,” पलीकडून मुलाची आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू.

“आणि आमचे चिरंजीव काय म्हणतायत?”

“अर्धा पेला दूध घेतलं. आता झोपलाय.” मग म्हणाली, “उद्या मीच येते अकराला. न्यायला.”

डॉक्टरांनी ‘या’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून त्यांनी चार नंबरमधलं भांडं उचललं, कालचं पाणी ओतून टाकलं आणि ताजं भरून ठेवलं.

“बाई, पाणी पिणारा जाऊन सोळा दिवस झाले,” फरशी पुसता पुसता सफाईच्या मावशी म्हणाल्या. “आणि तिकडे दोन नंबरात दोन मांजरी कोंबल्यात. सवती बऱ्या त्यांच्यापेक्षा.”

“असू दे, मावशी.”

“मी कुठं काय म्हणते? पिंजरा तुमचा, पाणी तुमचं. मी आपली फरशी पुसते.”

जनावरांचा तातडीचा दवाखाना होता तो. गाडीखाली आलेलं, विष पोटात गेलेलं, धाप लागलेलं मुकं जनावर तिथे यायचं. मोठ्या डॉक्टरांची तिथे बावीस वर्षं गेली होती. पहाटे देवापुढून उठताना त्यांचा रोजचा एकच नेम असायचा, आज खोटं बोलणार नाही. जनावर वाचणार नसलं, तर समोरच्याचा हात हातात घेऊन त्या सांगायच्या. पण सांगायच्या.

नेम मोडला तो ढब्बूपायी. हातातली दोरी सुटली, कुत्रा रस्त्यावर धावला आणि त्याच्यामागे आठ वर्षांचं पोर. एकाच गाडीने दोघांना उडवलं. पोराला माणसांच्या इस्पितळात नेलं आणि ढब्बूला शेजारच्या काकांनी इथे आणलं. जनावर बिथरू नये म्हणून त्याच्या माणसाचा न धुतलेला कपडा पिंजऱ्यात ठेवायची इथली पद्धत. काका धावत जाऊन पोराचा शाळेचा शर्ट घेऊन आले. त्यात नाक खुपसून ढब्बू पडून राहिला, आणि संध्याकाळी तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी अकराला डॉक्टरांनी आईला फोन लावला, तो हेच सांगायला. पण आधी तीच बोलली, “शुद्धीवर आलाय हो. म्हणतो, ढब्बू जेवला तर मी जेवीन.”

तिच्या आवाजामागे मशीनची टिकटिक ऐकू येत होती. ती डॉक्टरांच्या ओळखीची होती. कुत्रं असो की माणूस, काळजाचे ठोके ते मशीन एकाच आवाजात मोजतं. ठोके भरभर पडत होते, मध्येच अडखळत होते.

“जेवला,” डॉक्टर म्हणाल्या.

तेव्हापासून रोज अकराला एक खोटं. पाचव्या दिवशी फोन कुणी उचललाच नाही. सहाव्या दिवशी आईने उचलला, तेव्हा मागे टिकटिक नव्हती. नुसता पंखा फिरत होता. मशीन काढलं, म्हणजे पोर धोक्याबाहेर. त्या दिवशी फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी तिथेच हात जोडले. नेम गेला तर गेला, पोर राहिलं.

ढब्बू मात्र जायला तयार नव्हता. सुईत औषध भरताना पाठीमागे फरशीवर नखं वाजायची. वळून पाहावं तर कुणी नाही. मावशींनाही ऐकू येतं का, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. पाणी तेवढं बदलत राहिल्या.

आई उद्या येणार म्हटल्यावर त्या दुपारी डॉक्टर पोराचा शर्ट घरी घेऊन गेल्या. आईपुढे रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं? ढब्बूच्या रक्ताचे डाग गार पाण्यात भिजवले, साबणाने तीनदा चोळले, शर्ट उन्हात वाळवला. मग कॉलरपासून बाह्यांपर्यंत नीट इस्त्री करून कागदात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी अकराला आई आली. एकटीच. हातात ना दोरी, ना पट्टा. डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

“ढब्बू नाहीये,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी गेला. मी तुमच्याशी रोज खोटं बोलले. आता पोराला तुम्ही सांगता, की मी येऊन सांगू? त्याने पुन्हा जेवण सोडलं तर ते पाप माझं.”

आई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही पहिल्यांदा बिस्किटं म्हणालात, तेव्हाच. ढब्बू बिस्किटाला तोंड लावायचा नाही. आमचा मुलगाच खायचा डबा रिकामा करून, आणि नाव ढब्बूचं सांगायचा.” ती किंचित हसली.

“तरी फोन घेत राहिलात?”

“तुम्ही रोज विचारायचात ना, चिरंजीव काय म्हणतायत. विचारणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं.”

डॉक्टरांना काही उमगलं नाही. त्यांनी कागदाची पुडी पुढे केली. “हा त्याचा शर्ट. शाळेत जायला लागला की लागेल.”

“याच्यासाठीच आले मी.” आईने पुडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. “पाचव्या दिवशी मशीन बंद केलं. मी घरी पोचेपर्यंत माझ्या बहिणीने त्याचं सगळं धुऊन टाकलं होतं, मला त्रास नको म्हणून. उशीचा अभ्रासुद्धा. परवा काका म्हणाले, एक शर्ट तुमच्याकडे आहे. न धुतलेला.”

तिने कागद उलगडला, शर्ट चेहऱ्याशी नेला आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.