पुरळाचा मागचा मुक्काम

डॉक्टर शेवड्यांनी पाच वर्षांच्या ईराच्या तळहातावरच्या पुरळावर यंत्र धरलं. "हात-पाय-तोंडाचा आजार. आठवड्यात बरा होईल," ते म्हणाले. "आता विषाणू कुणाकडून आला ते ऐकू या."

"राहू द्या हो," ईराचे बाबा म्हणाले.

"राहू द्या काय? कळू दे की!" आई पुढे सरकली.

"पार्थ, वय चार," यंत्र म्हणालं.

पार्थ म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. ईराच्या आजीचा मिक्सर थोरल्याने नेला, त्यावरून दोघा भावांत तीन वर्षं अबोला होता, आणि त्या घराची पायरी चढायची नाही, हा हुकूम बाबांचाच.

"तिकडे गेलं कोण?" ईराच्या आईने विचारलं.

"मार्गे, ईराचे बाबा," यंत्राने माहिती पूर्ण केली.

बाबांनी छताकडे पाहिलं. "मिक्सर चालतो का, ते बघायला गेलो होतो."

"मग?"

"चालतो. दादाने चटणी करून दाखवली."