एकही फट नाही

बेहेऱ्यांनी पेटती उदबत्ती खिडकीच्या फटीजवळ धरली. धूर सरळ वर गेला. “इथून वारा येत नाही. पुढची खिडकी दाखवा.”

मनालीतला हा फ्लॅट विकून पुण्याला परत जायचं, एवढाच ध्यास शशीताईंनी घेतला होता. सामानसुद्धा बांधून तयार होतं. गिऱ्हाइकानं घर तपासायला पुण्याहून बेहेऱ्यांना धाडलं होतं. त्यांनी जन्मभर फ्लॅटमधली ओल शोधली होती, बर्फ मात्र आजच पाहिला.

कोळशाच्या शेगडीच्या वर भिंतीत एक भोक होतं. तिथं धूर झपकन बाहेर ओढला गेला.

“ही बघा, सगळी ऊब इथून चाललीये,” बेहेरे म्हणाले. “असं घर मी पास करणार नाही.”

“अहो, पहिल्या हिवाळ्यापासून सांगतेय, बुजवा ते,” शशीताई नवऱ्यावर, आप्पांवर उखडल्या. “पण माझं ऐकतंय कोण?”

आप्पांनी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि भोकात घट्ट कोंबली. उदबत्तीचा धूर लगेच सरळ झाला.

“आता कसं पुण्यासारखं वाटतंय,” बेहेरे खूश झाले. “घर पास.”

धगधगत्या शेगडीभोवती बसून तिघांनी चहा घेतला. आप्पा कपासकट पेंगायला लागले. शशीताईंचं डोकं ठणकत होतं.

“थंडीनं होतं असं,” बेहेऱ्यांनी जांभई दिली.

“पडा जरा तुम्हीपण,” शशीताई डोळे मिटत म्हणाल्या. “आता काय, घरीच जायचंय.”

टेबलावर उदबत्ती जळत राहिली. तिचा धूर अगदी सरळ वर जात होता. खोलीत कशाचीच हालचाल नव्हती.