परवानग्या, जशाच्या तशा

क्लासच्या लातूर, नांदेड, अहमदपूर अशा सगळ्या शाखांचे फोल्डर नाझनीननं नव्या सर्व्हरवर हलवले. मग ती परवानग्या कॉपी करायला बसली.

चहा घेऊन आलेल्या केरबामामांनी विचारलं, "आता काय करायलीस, पोरी?"

"मामा, टॉपर बॅचचं फोल्डर बाकीच्या पोरांना उघडत नव्हतं. नव्या जागी पण उघडायला नको, सर म्हणाले. म्हणून कोणी काय उघडायचं, काय नाही, ते जसंच्या तसं उचलून तिकडं ठेवायचं."

मामांनी कप टेबलावर ठेवला.

"हाव, समजलं. भूकंपात आमचं अख्खं गाव पडलं, मग नव्या जागी बसवलं."



मामा दाराकडं वळले. "मांगवाडा असाच उचलून गावाबाहेर ठिवला."